हिंगाच्या डबीतल्या अक्षता

गोष्ट सुरू करून मध्येच सोडणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचा तर जास्तच. महिनाभर आपल्याला पळवायचं, किल्ल्या शोधायला लावायच्या, आणि शेवटचं दार उघडलं की पडदा काळा. काय ते पुढच्या भागात! तो पुढचा भाग येईलच याची हमी कोण देतो? हा राग माझ्या डोक्यात कधी शिरला तेही मला नेमकं आठवतं. मी तेरा वर्षांची होते, आम्ही अंबरपेठेत राहत होतो आणि तो श्रावणातला शुक्रवार होता.

पण त्याआधी मामाचं सांगायला हवं.

त्या काळात हैदराबादेत कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. कोठी नावाच्या भागात जिथे पूर्वी टायपिंगच्या शाळा होत्या तिथे एकेक करून कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या चढत होत्या. आमच्या घरात मात्र नोकरी म्हणजे सरकारी, दुसरी ती नोकरीच नव्हे. बाबा सरकारी कचेरीत, त्यांचे वडीलही कचेरीतच. आईच्या पाठच्या भावालाही बाबांनीच खटपट करून एका खात्यात चिकटवलं होतं. ती नोकरी मामाने सोडली आणि कोठीतल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागला. त्या वर्षी भाऊबीजेला दुपारी तो जेवायला आला, तेव्हा बाबा भात कालवता कालवता म्हणाले, "सरकारी खुर्ची सोडून आता लोकांच्या पोरांना बटणं दाबायला शिकवणार म्हणा!" मामा अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला, चपला घातल्या आणि गेला. संध्याकाळी ओवाळायचं म्हणून आईने तबक तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या वर्षी आई तबक घेऊन गच्चीवर गेली. पुढच्या वर्षीही गेली. भाऊ तीन मैलांवर कोठीत असताना!

आणि गंमत बघा, त्यानंतर वर्षही उलटलं नसेल, बाबांनी स्वतः घरी कॉम्प्युटर आणला. कचेरीतल्या सगळ्यांची पोरं शिकत होती, आपली मागे राहायला नको, असं ते म्हणाले. आईने यंत्राला हळदकुंकू लावलं आणि बाबांकडे एकदा नुसतं बघितलं. बाबा तेव्हा वायर कुठे जाते ते शोधण्यात फारच गुंतलेले होते.

शिकायचं म्हणून आलेल्या त्या यंत्रावर मी गेम खेळायला लागले. सुलतान बाजाराच्या फुटपाथवर सीडी मिळायच्या. त्यातल्या एका गेममध्ये एक मुलगी हातात दिवा घेऊन एका ओसाड राजवाड्यात आपल्या हरवलेल्या भावाला शोधत फिरते. वेशीवर एक राखणदार असतो, तो कोडी घालतो, उत्तर चुकलं की हाकलून देतो. सगळं इंग्रजीत. आई परभणीकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेली, तिला इंग्रजी येत नव्हतं. पण शेंगा सोलत ती माझ्या खुर्चीमागे येऊन बसायची आणि विचारायची, "काय म्हणतो आता तो?" मग मी मराठीत सांगायचे.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भाऊ गेला कायकू?"

गेममध्ये कारण कुठेच लिहिलं नव्हतं. पण मला पुढे जायची घाई होती. मी ठोकून दिलं, "रुसून गेला."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी साडेचारला ती माझ्याआधी येऊन बसली होती. माझ्या त्या दोन शब्दांनी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आले. खरं म्हणजे थोडंसं कळलं होतं. पण ती कोडी माझ्यापेक्षा भराभर सोडवायची, मला ते सोयीचं होतं. मी इंग्रजी वाचायचे आणि ती चित्र बघायची. "त्या तिसऱ्या कोनाड्यात काजळी नाही, तिथे दिवा लावतच नसणार. तिथे बघ," असं म्हणायची आणि किल्ली तिथेच निघायची.

तर तो शुक्रवार. आई श्रावणात शुक्रवारची कहाणी वाचायची आणि ऐकायला मी बसायचे. ऐकणाऱ्याने हातात अक्षता धरायच्या, कहाणी संपली की देवीला वाहायच्या. मध्ये उठायचं नाही, कहाणी अर्धी टाकायची नाही. अर्धी टाकली तर काय होतं हे मी विचारलं की आई म्हणायची, "मी कधी टाकली नाही, मला कसं माहीत असेल?" त्या दिवशी माझा गेम शेवटच्या दाराशी आला होता. कहाणी संपल्या संपल्या मी उठले, तर आईही उठली. तबकातल्या चार अक्षता तिने पुन्हा मुठीत घेतल्या.

"ह्या कशाला?"

"तुझीही कहाणी आज संपणार म्हणालीस ना? शेवट मोकळ्या हाताने ऐकू नये," ती म्हणाली. थट्टाच करत होती. पण मूठ घट्ट होती.

दार उघडलं. आत दालन, दालनात एक खुर्ची, खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. मुलगी उंबऱ्यात उभी राहिली. तिने दिवा वर केला. खुर्चीतला माणूस हळूहळू मान वळवायला लागला. एक कान दिसला, गालाची कड दिसली. आणि अंधार. मग इंग्रजीत एक ओळ आली की गोष्ट दुसऱ्या भागात पूर्ण होईल, आणि मग नुसती नावं.

"वळला का?" आईने विचारलं.

"संपलं."

"संपलं म्हणजे? तोंड कुठे दिसलं?"

मी कीबोर्डवर एवढ्या जोरात हात आपटला की त्याचं एक बटण कायमचं रुसलं. मग आम्ही ते दार पुन्हा उघडलं. दिवा विझवून उघडलं, किल्ली न घेता धक्का मारून बघितला, राखणदाराला मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन आलो. आठवडाभर आम्ही दोघी हाच उद्योग करत होतो. दर वेळी तोच कान आणि तीच गालाची कड. मला एकच प्रश्न पडला होता, तो भाऊच आहे की दुसराच कुणी? आईला तो प्रश्न नव्हता. भाऊच आहे, ती म्हणायची, प्रश्न वळतो की नाही एवढाच आहे.

अक्षतांची मात्र पंचाईत झाली. कहाणी संपली नाही, तर वाहायच्या कशा? टाकायच्या तरी कशा? शेवटी तिने एक रिकामी हिंगाची डबी शोधली, त्यात त्या ठेवल्या आणि डबी देवांच्या मागे ठेवून दिली. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "अर्धं राहिलंय काहीतरी." बाबांनी पुढे विचारलं नाही.

दिवाळीआधी कापड घ्यायला आम्ही सुलतान बाजारात गेलो. मी तडक सीडीवाल्याकडे. त्याने गेमचं खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "पार्ट टू? आयाच नै अम्मा. कब आता की क्या मालूम." माझा चेहरा पडला. आईचा पडला नाही. तिने कापडाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "ज्याला माहीत असेल त्याला विचारू."

सुलतान बाजार कोठीलाच लागून आहे. आम्ही तिकडे गेलो की आई नेहमी समोरच्या फुटपाथने चालायची आणि एका ठरावीक जागी वर बघायची. तिथे दुसऱ्या मजल्यावर मामाच्या क्लासची पाटी होती. त्या दिवशी तिने रस्ता ओलांडला. जिन्यात मी म्हटलं, "आई, बाबा?" ती म्हणाली, "गेमचंच तर विचारायचंय. विचारायला काय जातं?"

वर बाहेर चपलांची रांग, आत एसीचा गारठा आणि दहाबारा पोरं. मामा फळ्याशी उभा होता. आम्हाला बघून त्याच्या हातातला खडू तसाच राहिला. आईने कसा आहेस विचारलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "तुला एक विचारायचं होतं. हिच्या गेममध्ये एक पोरगी आहे." आणि तिने सगळी गोष्ट सांगितली, दिवा, कोनाडे, खुर्ची, कान, अगदी कहाणीच्या चालीत. पोरांना मराठी किती कळत होतं कुणास ठाऊक, पण कीबोर्डचं एकही बटण वाजलं नाही.

"भाऊ गेला का होता?" मामाने विचारलं.

"रुसून."

मी खाली बघितलं.

"त्याचा दुसरा भाग निघालाच नाही, अक्का," मामा म्हणाला. "ती कंपनीच बंद पडली म्हणतात."

"म्हणजे तो वळणारच नाही?"

मामाने खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "ती पोरगी इतके दिवस कुठे होती? दारापर्यंत यायला एवढा वेळ लागतो?"

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं चाललं होतं. माझ्यासारख्या मठ्ठ पोरीलाही कळत होतं की आता गेमचं कुणी बोलत नाहीये. आई म्हणाली, "चुकलंच तिचं. भीत होती."

"आणि तो वेशीवरचा राखणदार? तो सोडतो का आत?"

"राखणदाराने आता स्वतःच कॉम्प्युटर घेतलाय," आई म्हणाली.

मामा हसला. हसायचं नाही असं ठरवलेला माणूस हसतो तसा, आधी नाकातून आणि मग मोठ्याने. आईनेही पदर तोंडाला लावला. पण येतो असं तो म्हणाला नाही, ये असं तीही म्हणाली नाही. आम्ही जिना उतरून बस पकडली. मला वाटलं, झालं, हाही गेम तसाच संपला.

भाऊबीजेला आईने बाबांना सकाळीच सांगितलं, "आज एक ताट जास्तीचं वाढणार आहे. जेवताना बोलायचं नाही." बाबा "हौ" म्हणाले. दुपारी आम्ही दोघं जेवलो, आई जेवली नाही. जास्तीचं ताट झाकलेलं राहिलं. चार वाजले, पाच वाजले. दिवे लागले.

बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, तासाभरात मावळते. मी गच्चीवर जाऊन बघून आले. ती समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकली होती. खाली येऊन मी म्हटलं, "आई, चंद्र चाललाय. तबक घे." आई उंबऱ्यात उभी होती.

"जाऊ दे," ती म्हणाली.

मी घाबरले. चंद्र गेला आणि मामाही आला नाही, तर ती ओवाळणार कुणाला? मी आणखी एकदा वर जाऊन आले. कोर दिसेनाशी झाली होती. आईने जाग्यावरून पाय हलवला नव्हता. तिचा इतका राग आणि इतकी कीव मला एकदम कधीच आली नव्हती.

मग खाली स्कूटर थांबली.

मामा वर आला तो माझ्या हातात एक सीडी देत. "हा गेम पुरा आहे. मी शेवटापर्यंत खेळून बघितलाय," म्हणाला. बाबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आई त्यांच्याकडे बघत होती. शेवटी ते म्हणाले, "तो कॉम्प्युटर सारखा अडकतो हो. तुम्ही जरा बघता का?" बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठी माफी मी जन्मात ऐकली नाही. मामा म्हणाला, "बघतो की दाजी. आधी जेवतो." आणि जेवला. ताटात एक शीत ठेवलं नाही.

मग पाट मांडला, रांगोळी काढली. आईने कुंकू लावलं आणि तबकातल्या अक्षतांकडे हात नेता नेता थांबली. देवांच्या मागे हात घालून तिने ती डबी काढली आणि त्यातले दाणे मामाच्या डोक्यावर टाकले.

"अक्का, ह्याला हिंगाचा वास का येतोय?" मामा म्हणाला.

मला मात्र राहवेना. मी ओरडलेच, "आई! त्या गेमच्या अक्षता आहेत! तो खुर्चीतला अजून वळला कुठे?"

आईने निरांजन उचललं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"तुझा नसेल वळला," ती म्हणाली, आणि ओवाळायला लागली.