हालवेगचा ऑगस्ट

हालवेग कॅमेरा घेऊन बोटीच्या जिन्यावरून वर पोचते तेव्हा देवमासा खाली गेलेला असतो. आमच्या ह्राफ्नाविक गावात ही गोष्ट भरती-ओहोटीइतकी ठरलेली होती. भरती-ओहोटीची वेळ तरी कधी कधी चुकीची छापली जायची.

बेर्गुरच्या बोटीवर ती कोको आणि दालचिनीचे गोड पाव देते. बोट जुनी, ओकच्या लाकडाची. बेर्गुरच्या बापाने तिच्यावरून कॉड मासे पकडले, बेर्गुर तिच्यावरून परदेशी पाहुण्यांना देवमासे दाखवतो आणि मासे पकडण्यापेक्षा माणसं पकडणं अवघड आहे अशी तक्रार करतो. पाहुणे लाल जाडजूड अंगरखे घालून वर कठड्याशी, हालवेग खाली पातेल्याशी. वर किंकाळी उठली की समजायचं, देवमाशाने उडी मारली.

आता अशा वेळी कुणीही हातातलं टाकून धावेल. पण हालवेगने उमेदीची सगळी वर्षं मासे कापायच्या कारखान्यात काढलेली. तिथे हातातला मासा अर्धा सोडून कुणी उठत नसे, मग कारखान्याला आग का लागेना. एकदा लागलीही होती. बायकांनी आधी समोरचे मासे संपवले, सुऱ्या धुतल्या आणि मग त्या बाहेर पडल्या. तेव्हा वर किंकाळी झाली की हालवेग आधी कप भरायची, त्याची कड पुसायची, तो पाहुण्याच्या हातात द्यायची आणि मग जिना चढायची. तोवर ते अवाढव्य जनावर बुडालेलं असायचं आणि त्याच्या जागी पांढरा फेस तरंगत असायचा. हालवेग त्या फेसाचा फोटो काढायची. मोठ्या निष्ठेने काढायची.

कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, एइविंदुरचा. तो बिचारा त्यावर आयुष्यभर मेंढ्यांचे फोटो काढत आला. मेंढ्या थांबतात. तो गेल्यावर कॅमेरा हालवेगकडे आला आणि तिने मनाशी ठरवलं, गावच्या कॅलेंडरवरचा ऑगस्ट आपला.

कॅलेंडर काढतो थोरलाकुर, एइविंदुरचा थोरला भाऊ, शाळेचा निवृत्त हेडमास्तर. ऑगस्टच्या पानावर दरवर्षी उडी मारणारा देवमासा असतो, आणि हीच हालवेगची जखम. कारण तो फोटो दरवर्षी कुणातरी पाहुण्याचा असायचा. डच नाहीतर जर्मन, जन्मात एकदा आलेला, टोपी उडू नये म्हणून एका हाताने डोकं धरून दुसऱ्या हाताने उडी टिपून गेलेला. आम्ही इथे जन्मलो, इथेच मरणार, आणि आमच्याच भिंतीवर ऑगस्टभर रॉटरडॅमचा माणूस.

फोटोंची निवड होते पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात. रोज सकाळी अर्धं गाव तिथे गळ्यापर्यंत बुडून बसतं आणि दुनियेचा न्याय करतं. नुसती मुंडकी दिसतात, त्यामुळे कुणाचा मान मोठा, कुणाचं पोट मोठं, हे कळायला मार्ग नसतो. थोरलाकुर प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो फिरवतो. हालवेगचा फेस हातात आला की तो शांतपणे म्हणायचा, "हालवेग, हा समुद्र आहे. समुद्र आम्हाला घरूनही दिसतो."

मग हिवाळ्याच्या मध्यावरची मेजवानी आली. या मेजवानीत गावाने गावाची टिंगल करायची असा रिवाज आहे आणि ज्याची टिंगल होत नाही तो खरा दुखावतो. त्या वर्षी हालवेगवर नाटुकलं बसवलं होतं. कोको ओतणारी हालवेग झाला होता खुद्द बेर्गुर, कमरेला एप्रन बांधून. देवमासा म्हणजे काळ्या ताडपत्रीतले दोघे जण. देवमासा उडी मारतो, वाट बघतो, पुन्हा मारतो, घड्याळ बघतो, शेवटी कंटाळून स्वतःचा फोटो स्वतःच काढतो आणि निघून जातो. मग हालवेग जिन्यावरून वर येते. हॉल कोसळायचा राहिला होता. सगळ्यात मोठ्याने हसत होती ती हालवेगच. हसून झाल्यावर ती बाकावर चढली, हातात ताटातला मेंढीचा उकडलेला जबडा, आणि तिने जाहीर केलं की येत्या हंगामात उडीचा फोटो मिळाला नाही, तर एइविंदुरचा कॅमेरा थोरलाकुरला देऊन टाकीन आणि मरेपर्यंत मुकाट्याने कोको ओतीन.

गाव चारशे माणसांचं. इथे बाकावर चढून बोललेला शब्द मागे घेता येत नाही, कारण मग जायचं कुठे? शिवाय थोरलाकुरचा त्या कॅमेऱ्यावर डोळा होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने तिथल्या तिथे हिशेबी चेहरा केला.

हंगाम लागताच हालवेग बदलली. कोको आधीच थर्मासांत भरून ठेवायला लागली. पाहुण्यांनी आपापला घ्यावा, असं तिने बेर्गुरला सुचवलं, तर तो म्हणाला की जाहिरातीत हसतमुख सेवा लिहिलीय. मग तिने वरच, कठड्याला टेकून, हसतमुख उभं राहायला सुरुवात केली. कारखान्यातल्या थंडीने तिची बोटं कायमची आखडलेली. म्हणून फोटो काढायचा उजवा हात उघडा, पण खिशात ऊब घेत. आणि कॅमेरा पेलणारा डावा हात सासूने विणलेल्या लोकरीच्या हातमोज्यात.

जुलैत एका सकाळी बोटीच्या अगदी जवळ कुबड्या देवमासा आख्खा बाहेर आला. हालवेग तयार होती. तिने दाबलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बेर्गुरने भोंगा वाजवला. दुसऱ्या दिवशी कुंडात फोटो फिरला तेव्हा त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत एक करडा, केसाळ अंगठा होता.

तो मोज्याचा दुसरा अंगठा. आमच्याकडे दर्याचे मोजे दोन अंगठ्यांचे विणतात. दोर ओढून तळवा झिजला की मोजा फिरवायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा. बाकी वेळी तो अंगठा करंगळीच्या बाजूला रिकामा लोंबतो. बरोबर त्या क्षणी वाऱ्याने तो उचलून भिंगासमोर धरला होता.

थोरलाकुरने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "लोकर फार सुरेख आलीय," तो म्हणाला. "धागा न् धागा मोजून घ्यावा. यातला देवमासा कुठला?"

त्या दिवशी हालवेग हसली नाही. कुंडातून उठली ती तडक सासूच्या घरी गेली. गुद्फिन्ना नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, पण सुयांवर अजून गावाचा दरारा राखून. हालवेगने मोजा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, हा अंगठा कापायचाय.

"कापलास तर याद राख," गुद्फिन्ना म्हणाली. "एका अंगठ्याचा मोजा म्हणजे अर्धा मोजा. तुझ्या सासऱ्याचे हात या दुसऱ्या अंगठ्याने वाचले."

"मला दोर नाही ओढायचा गं. फोटो काढायचाय."

म्हातारीने बराच वेळ मोजा चाचपला. मग विचारलं, नाही जमलं तर कॅमेरा थोरलाकुरकडे जाणार, हे खरं का? हालवेगने मान हलवली. मग म्हातारीला दिसलं नसेल म्हणून तोंडाने हो म्हटलं.

"थोरलाकुर माझ्याच पोटचा, म्हणून सांगते," गुद्फिन्ना म्हणाली. "तो त्या कॅमेऱ्याने दगडांचे फोटो काढील. आण इकडे." आणि तिने स्वतःच्या हाताने अंगठ्याचं टोक शोधून धागा ओढला. अंगठा उसवत गेला. उरलेलं भोक तिने तिथेच विणून बंद केलं आणि मोजा परत देताना तोंड असं फिरवलं की जणू घरातलं कुणी गेलं.

ऑगस्ट गेला, नुसत्या पाठी दाखवणारे देवमासे दाखवून. सप्टेंबरही ओसरला. हंगामातल्या शेवटच्या फेरीला उत्तरेचा वारा होता आणि बोटीवर मोजके पाहुणे, तेही चेहऱ्याने पिस्त्याच्या रंगाचे. बेर्गुरने परत फिरायचं ठरवलं तेवढ्यात लांबवर, पाठीमागच्या बाजूला एक उडी झाली. हालवेग वळेपर्यंत फेस.

बेर्गुरचा हात सुकाणूवर होताच. हालवेगने त्याला हाक मारून थांबायला सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे ओकतायत. ती म्हणाली, ओकण्यापुरता समुद्र आहे. देवमासा आणखी एकदा येणार.

"तुला येऊन सांगितलं का त्याने?"

"नाही. पण इतकी वर्षं मी त्याचा फेस बघतेय, बेर्गुर. वाऱ्याच्या दिवशी तो एकदा उडून थांबत नाही."

एका बेल्जियन माणसाने मागून क्षीण आवाजात कोको मागितला. हालवेगने मान न वळवता सांगितलं, खाली आहे, घ्या. ती बोटीवर असताना दुसऱ्या कुणी कोको ओतण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. त्याने तो जिन्यावर सांडला. तिने तो आवाज ऐकला, तिच्या मानेवरची शीर ताठ झाली, पण ती हलली नाही. दोन्ही डोळे उघडे, पाय फाकवून, रिकाम्या पाण्याकडे बघत उभी. बेर्गुरने इंजिन हळू केलं.

मग पाणी फुगलं. आधी तोंड आलं, गाठीगाठींचं, मग लांब पांढरे पंख, मग पोटाच्या वळ्या, मग शेपटीपर्यंत सगळं, आणि ते सगळं हवेत अंमळ टेकल्यासारखं थांबलं. हालवेगने दाबलं.

फोटो कसा आलाय ते बघायची तिला हिंमत झाली नाही. ती खाली गेली आणि बंदर येईपर्यंत जिना पुसत बसली.

दुसऱ्या सकाळी थोरलाकुरने कुंडात चष्म्यावरची वाफ पुनःपुन्हा पुसली. देवमासा आख्खा होता. नाकापासून शेपटीपर्यंत, पाणी निथळणारा, स्पष्ट. मुंडकी त्याच्याभोवती गोळा झाली. अखेर हेडमास्तरला चूक सापडली. क्षितिज कललं होतं; समुद्र डाव्या कडेने सांडेल की काय असं वाटत होतं. तो म्हणाला, हरकत नाही, छापताना मी सरळ करीन.

"हात लावायचा नाही," हालवेग म्हणाली. "बोट कलली होती, मी कलले होते. होतं तसं छाप."

थोरलाकुरने कॅलेंडरच्या इतिहासाचा दाखला दिला. मुंडक्यांनी मतदान केलं. कललेला समुद्र जिंकला.

पुढच्या वर्षी ऑगस्टची पहिली तारीख उजाडली तेव्हा गावातल्या घराघरांत एकच प्रकार घडला. लोकांनी पान उलटलं, दोन पावलं मागे सरून डोकं वाकडं केलं आणि मग पुढे होऊन समुद्र सरळ होईपर्यंत कॅलेंडरच वाकडं टांगलं. बँकेत वाकडं, बेकरीत वाकडं, थोरलाकुरच्या बैठकीत सगळ्यात वाकडं. हालवेग कुणाकडे कॉफीला गेली की मुकाट्याने उठून ते नीट करायची. तिची पाठ वळली की घरातलं कुणीतरी पुन्हा वाकडं करायचं. सप्टेंबर लागला तरी बऱ्याच जणांचं ते सरळ करायचं राहून गेलं आणि त्या पानावरचा आमच्या चर्चचा मनोरा महिनाभर उजवीकडे झुकून उभा राहिला. पाद्रीबाईंनी रविवारी त्याबद्दल सौम्य शब्दांत नाराजी व्यक्त केली. पण त्यांच्याही स्वयंपाकघरात तो तसाच होता.