सतराचा अर्धा पाढा

"मंग कोन्या पोट्ट्यानं कॉपी केली, नाव सांगा ना सर!"

"कुणाकुणाचं सांगू, काका? अख्खा चौथीचा वर्ग आहे."

"अख्खा वर्ग कॉपी करते म्हंता? मंग पह्यले लिवलं कोनं? खडूनं?"

"हसण्यावारी नेऊ नका. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल शाईनं 'कॉपी' असा शेरा मारलाय. माझ्या सहीच्या खाली."

हेडमास्तर जयदीप सरांनी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि त्यातले दोन पेपर डोमाजीपुढे सरकवले. एक अश्विनीचा, एक गोपालचा. प्रश्न होता, सतराचा पाढा लिहा. अश्विनीनं लिहिलं होतं सतरा, एक्कावन्न, पंच्याऐंशी, एकशे एकोणीस, एकशे त्रेपन्न. बस, पाच ओळी. गोपालनं लिहिलं होतं चौतीस, अडुसष्ट, एकशे दोन, एकशे छत्तीस, एकशे सत्तर. त्याच्याही पाचच.

"वर्गातल्या नऊच्या नऊ पोरींनी हे पाच लिहिलेत. आठच्या आठ पोरांनी ते पाच. सगळ्यांची चूक सारखी. याला कॉपी नाही तर काय म्हणायचं? भजन?"

शेवटचा शब्द डोमाजीला गालावर बसल्यासारखा लागला. कारण त्या वर्गाला पाढे शिकवले होते त्यानंच, आणि ते भजनाच्याच चालीवर.

डोमाजी काही मास्तर नव्हे. आदिलाबादच्या वाटेवर, तलमडुगुच्या अलीकडच्या या गावात त्याचं कोरडवाहू वावर, कापूस आणि ज्वारी. शाळा तिसरीतच सुटली, ती पाढ्यांपायी. मास्तरांनी विचारलं की जीभ टाळूला चिकटायची आणि तळहात छडीला सापडायचा. पुढं ज्वारीच्या राखणीला बसवला, तिथं मात्र गंमत झाली. या मचाणावर डोमाजी, त्या मचाणावर त्याचा दोस्त पंढरी, मधे दोन वावरं. पाखरं उठवायला ओरडावं तर लागायचंच. मग डोमाजी मारुतीच्या देवळातल्या भजनाची चाल धरून एक ओळ फेकायचा, सतरा एके सतरा. तिकडून पंढरी पुढची परतवायचा, सतरा दुणे चौतीस. एका हंगामात तिसापर्यंत मजल गेली. "पाखरायले बी आले असतीन पाढे," असं पंढरी म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर नागेश गुरुजी वावराच्या बांधावरून चालले होते. डोमाजी कापूस वेचता वेचता एकटाच दोन्ही मचाणांच्या ओळी म्हणत होता. गुरुजी उभेच राहिले. म्हणाले, "डोमाजी, शनिवारी शेवटचा तास तुझा. खंजिरी घेऊन ये." तेव्हापासून शनिवार चुकला नाही. पगार नाही, मानधन नाही, एक कप चहा तेवढा. शनिवारी दुपारी तो अंघोळ करून धुतलेला सदरा चढवू लागला की बायको, रेणुकाबाई, दारातून सुनवायची, "कापूस फुटून वावर पांढरं झालं, अन् हे चालले शाळेत! या वयात पास होऊन कोनता हुद्दा भेटनार हाय तुमाले?"

हुद्दा कुठला भेटतो! पण ज्या वऱ्हांड्यात छडीसाठी हात पुढं करून उभा राहिला होता, त्याच वऱ्हांड्यातून पोरं "डोमाजीबाबा आले" म्हणत धावत यायची. तो एक तास त्याला साऱ्या आठवड्याहून मोठा होता.

आणि आज तो आला तर भिंतीवर नवं वेळापत्रक. शनिवार, शेवटचा तास: लेखी सराव.

"पोरायले बोलवा," डोमाजी म्हणाला. "माह्यासमोर विचारा. कॉपी केली असंन तर मी सोता या शाळेची पायरी चढनार नाई."

सर वैतागून उठले. चौथीच्या वर्गात सतरा पोरं आपापल्या जागी बसली होती, पोरी डाव्या अंगाला, पोरं उजव्या. डोमाजीनं खंजिरीवर थाप टाकली मात्र, पोरींनी ओळ उचलली, पोरांनी झेलली, आणि सतराचा पाढा उतारावरच्या बैलगाडीसारखा धडधडत एकशे सत्तरला जाऊन थांबला. एक आकडा चुकला नाही. जयदीप सरांची टाचसुद्धा दोनदा हलली. डोमाजीनं ते पाहिलं.

"बोला आता!"

"थांबा. अश्विनी, तू एकटी म्हण. गाऊन म्हण हवं तर."

अश्विनी उभी राहिली. "सतरा एके सतरा..." आणि गप्प. तिनं मान वळवून उजवीकडच्या पोरांकडे पाहिलं, जणू बसची वाट पाहतेय.

"का थांबलीस?"

"मंगची ओळ पोरायची हाय ना सर."

वर्ग खदखदून हसला. डोमाजी हसला नाही. त्यानं खंजिरी खाली ठेवली.

"अशू, थे ओळ तुले येत नाई का वं?"

"ऐकली हाय बाबा. म्हनली नाई कधी."

डोमाजीनं खाली पाहिलं. फरशीवर हजेरीच्या क्रमांकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, पोरींच्या डावीकडे, पोरांच्या उजवीकडे. यंदा जूनमध्ये सर बदलून आले तेव्हा त्यांनीच चिकटवल्या होत्या, वर्गाला शिस्त हवी म्हणून. त्याच्या आधी पोरं फतकल मारून कुठंही बसायची. या शनिवारी या रांगेत, त्या शनिवारी त्या. फिरता फिरता प्रत्येकाच्या तोंडी दोन्ही मचाणांच्या ओळी यायच्या. डोमाजीनं ते कधी ठरवून केलं नव्हतं, म्हणून ते बंद झालेलंही त्याला कळलं नव्हतं.

"सर, तुमी जागा बांधून देल्या. पोरी सहा महिने एकाच अंगाला बसल्या. अर्धा पाढा त्याईच्या तोंडी गेलाच नाई."

"म्हणजे चूक माझी?"

"माही बी हाय! मले समजाले पायजे होतं. पन कॉपी नाई ना हे? पोट्ट्यायनं आपापल्या तोंडचं इमानदारीनं लिवलं, अन् तुमी त्याईले चोर ठरोता! दोन शनवार द्या. रांगा बदलतो, मंग एकेकाले उभं करतो. दोनच."

सर त्याला परत ऑफिसात घेऊन आले. दोन्ही पेपर पुन्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पटतंय मला, काका. खरंच. पण साहेबांना लिहून काय कळवू? मुली डावीकडे बसल्या म्हणून अर्धा पाढा आला नाही? हसतील मला."

"हसू द्या की! हसले तरी शेरा तं पुसला जाईन ना?"

"तुमचं काय जातंय बोलायला. वेळापत्रक वर गेलंय. मोबाइलवरून भरावं लागतं ते. आता इथून बदलत नाही."

"एक घंटा बी बदलत नाई? भिंतीवरचा कागद हाय तो. मी काढू का?"

"काका!"

"काऊन वरडता? अकरा वर्सं कोनी वरडलं नाई."

"अकरा वर्षं कुणी लेखी घेतलंच नसेल! पेपरात खंजिरी वाजत नाही. तिथं एकट्यानं बसून लिहायचं असतं. वरून मार्क मागतात, चाल नाही मागत."

"मले छडीनं आलं नाई सर, चालीनं आलं. लिवायच्या आधी यावं तर लागते ना? उद्या नुसतं लिवाले बसवान, तर गोपाल काय लिवनार हाय? वहीले काय कान हायेत?"

सरांनी पेपरांचा गठ्ठा नीट केला, कपाटात ठेवला, किल्ली फिरवली. मग एकदम काही आठवल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला. डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"हे बघा, नाराज होऊ नका. तुमच्याशिवाय आमचं चालतंय का? सव्वीस जानेवारीला साहेब येणारायत. स्वागतगीत तुम्हीच बसवायचं. पोरींना नऊवारी, पोरांना फेटे. एकदम दणक्यात. फोटो काय येतील!"

"कोनते साहेब? शेरा मारनारे?"

"हो, तेच. गाणं फार आवडतं त्यांना."

खांद्यावरचा हात डोमाजीनं हळूच खाली केला.

"मग किती पोरं उभी करायची, काका? तेवढं सांगा, फेटे आदिलाबादहून मागवतो. दहा की बारा?"

डोमाजी वऱ्हांड्यात आला. पायात चपला सरकवल्या. चौथीच्या दारात अश्विनी उभी होती. त्यानं तिच्याकडेही पाहिलं नाही.

"काका! दहा की बारा?" सरांनी खिडकीतून विचारलं.

तो फाटकातून बाहेर पडला आणि गावाकडं चालू लागला.