दातेकाकांची गार्डियनशिप

"तुमची लिबर्टी कमी होणार आहे, हे तुम्हाला समजतंय का?" जजने विचारलं. दातेकाका खुर्चीतून उठले. नागपूरच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. बोलायचं ते उभं राहूनच. शेजारी मुलगा निशिकांत होता आणि साक्षीला मी, काकांची डॉक्टर.

ही २००६ सालची, अमेरिकेत टेक्सासमधल्या शुगर लँडची गोष्ट. गार्डियनशिप म्हणजे माणसाने कुठे राहायचं, कोणते उपचार घ्यायचे, हे ठरवणं कोर्ट दुसऱ्याच्या हाती देतं. त्यासाठी डॉक्टरचा रिपोर्ट लागतो, समज शाबूत आहे की नाही याचा. काकू गेल्यावर काका अपार्टमेंटमध्ये एकटे राहत. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा रस्ता चुकले. निशिकांत घाबरला. त्याला काकांना म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये ठेवायचं होतं, म्हणून त्याने गार्डियनशिपचा अर्ज केला. काकांना घर सोडायचं नव्हतं.

तपासणीला दोघं आले. मी वार विचारला, तर निशिकांत म्हणाला, बाबांना आता हे जमत नाही. औषधं विचारली, तर यादी त्यानेच वाचली. काका गप्प. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेलं की बोलतो मुलगाच, आणि परक्यासमोर मुलाला खोडून काढणं बापाला बरं दिसत नाही. ते गप्प राहणं मी 'उत्तर देता आलं नाही' असं लिहिलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. सही केली.

कोर्टात काका इंग्रजीत बोलले, वर्गात शिकवावं तसे संथ. लिबर्टी शब्द लॅटिनमधला. लिबर म्हणजे स्वतंत्र, कुणाचाही गुलाम नसलेला. रोमन घरात एकाच छपराखाली गुलामही असत आणि घरधन्याची मुलंही. मुलांना म्हणत लिबेरी, मोकळी माणसं. मग ते निशिकांतकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "निशी, तुला मी तसाच वाढवला रे. पुण्याला जातो म्हणालास, जा म्हटलं. अमेरिकेला, जा म्हटलं. आता या घरात मी कोण, तेवढं सांग."

जजने विचारलं, काय म्हणाले?

"ही इज जस्ट अपसेट," निशिकांत खाली बघत म्हणाला.

मला मराठी येत होतं. मी तोंड उघडलं नाही. अर्ज मंजूर झाला.

महिन्याभराने मी नर्सिंग होममध्ये एकटीच गेले. काकांना तेच प्रश्न विचारले. वार, तारीख, औषधं, सगळं बिनचूक.

"मग तेव्हा का नाही बोललात, काका?"

"तू त्याला विचारत होतीस, बेटा."

गाडीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी कोर्टाला लिहिलं की माझा रिपोर्ट चुकला. फेरसुनावणीची तारीख मिळाली. तिच्या आठ दिवस आधी काका न्यूमोनियाने गेले. फोन निशिकांतनेच केला. त्याला धड बोलता येत नव्हतं. कोर्टाने फाइल बंद केली. कारण लिहिलं होतं, संबंधित व्यक्ती हयात नाही.

तेव्हापासून तपासणीच्या वेळी मी मुलांना बाहेर बसवते. त्यांना राग येतो. येऊ दे.