भैरोबाचा घाम आणि माझं खोबरेल

आमच्या गावात कुणालाही विचारा, तो तुम्हाला भैरोबाचा चमत्कार सांगेल. पण त्या चमत्कारात बकरा कोण होता, ते फक्त मला ठाऊक आहे. आज सांगूनच टाकतो. एकच विनंती, आमच्या शिराळ्याच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर तिकडं तोंड उघडू नका. मार मला पडेल!

मी दिल्लीच्या एका लय नावाजलेल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्मांचा अभ्यास करत होतो. ते शिक्षण मी दोनदा सोडलं. दुसऱ्यांदा सोडलेलं घरी अजून माहीत नाही. ही गोष्ट पहिल्या वेळची.

का सोडलं? भीतीनं. आमचे सर करुणेवर पुस्तकं लिहितात, आणि पोराची जीभ अडखळली की चष्म्यावरून असं बघतात, की वाटावं आपण जन्मलोच कशाला! शेवटच्या सेमिनारला मी "आत्मा म्हणजे" एवढं म्हणालो आणि बंद पडलो. पुढचं वाक्य अजून आलेलं नाही. बॅग भरली, घर गाठलं.

घरी वेगळंच सेमिनार बसलं. माझे वडील आप्पा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ऊस आणि पोरगा, दोन्ही सरळ ओळीत वाढायला पाहिजेत, हा त्यांचा कायदा. चुलते तात्या दहावीपुढं गेले नाहीत, पण सल्ले द्यायला कायम पहिला नंबर.

"देव हाय का न्हाई, एवढंच शिकायचं ना?" तात्या म्हणाले. "त्यापरीस कुपवाडला लावू कारखान्यात. डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल."

तात्या जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले!

"मैदान सोडून आलेला गडी मला घरात नगो," आप्पा म्हणाले.

"आवं, पण पोरगं भ्यालंय," आई म्हणाली.

"मग भैरोबाला कौल लावू. पोराला घरी ठिवायचं का, त्योच सांगंल."

बघा! सीमेवर उभा राहिलेला माणूस, पण पोराला 'तुला काय पाहिजे' एवढं विचारायची छाती नाही. दगडाला विचारणार!

कौल म्हणजे काय, तर गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे मला कुणी शिकवायला नको. मी दिल्लीत याच विषयावर निबंध लिहून शाबासकी मिळवलेली! त्यामुळे डोकं झरझर चाललं. प्रश्न 'घरी ठेवू का'. मला पाहिजे 'हो'. म्हणजे उजवी पडली पाहिजे. म्हणजे उजवा खांदा गुळगुळीत पाहिजे!

दुपारी गुरवमामा जेवून लवंडले, तसा मी खोबरेलाची बाटली घेऊन गाभाऱ्यात शिरलो.

मी देव मानत नाही. वर्गात तसं छातीठोक सांगितलंय. पण वर्गात चांदीचे डोळे नसतात हो! समईची वात हलली की वाटायचं, देवानं पापणी हलवली. कसंबसं तेल चोळलं, हाताला उरलेलं केसांना पुसलं. तेवढ्यात पाल चुकचुकली आणि माझ्या तोंडातून निघालं, "चुकलो, देवा!" कुणाला म्हणालो, ते विचारू नका.

संध्याकाळी सगळी भावकी जमली. आप्पा देवापुढं सावधानमध्ये उभे.

"बोला सुभेदार, काय इचारू?" गुरवमामा म्हणाले.

"पोराला घरी ठिवू का?"

गुरवमामा खवळले. "आवं, घरी बसायला कौल लागतोय व्हय? कौल निघणाऱ्याला अस्तोय. जायाचं इचारा!"

निबंधात हे नव्हतं!

"बरं. देवा, पोराला परत दिल्लीला धाडू का?" आप्पा म्हणाले.

"थांबा!" मी किंचाळलो. "आप्पा, आधीचाच प्रश्न बरा होता!"

"गप रं! देवाम्होरं वकिली करतुयास?"

मामांनी कळ्या टेकवल्या. बोट उचलायच्या आत उजवी कळी घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली!

"आगाबाबा! एवढा झटक्यात कौल जल्मात बघितला न्हाई!" मामा ओरडले.

तात्या हटून बसले. "पुन्यांदा लावा." पुन्हा उजवीच. परत लावली, परत उजवी. डावी अशी चिकटलेली, जणू तिथंच उमलली होती.

खरं सांगून टाकावं? मी आप्पांच्या पंजाकडे बघितलं आणि जीभ सेमिनारसारखीच गोठली.

तेवढ्यात मामांनी बोटं एकमेकांवर चोळली. वास घेतला. मग सावकाश माझ्या चपचपीत केसांकडे बघितलं. मेलो!

"सुभेदार," मामा म्हणाले, "देवाला घाम फुटलाय."

"आं?"

"पोराच्या काळजीनं! ह्यो बघा, खांदा कसा वला हाय!"

झालं! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नारळ फुटले. माझ्यासाठी कधी डोळा ओला न केलेल्या आप्पांनी रडत रडत खाडकन सॅल्यूट ठोकला. दगडाला!

दिल्लीला निघालो त्या दिवशी आप्पा स्टँडवर पोचवायला आले. खिशातून कापसाचा बोळा काढला. मामांनी खास दिलेला, देवाच्या घामात भिजवलेला. तो माझ्या टाळूवर घसाघसा चोळला आणि म्हणाले, "भिऊ नगंस. आता वर्गात बिनघोर बोल."

मला राहवलं नाही. "आप्पा, ह्याला खोबरेलाचा वास येतोय."

"मग?" आप्पा डाफरले. "देवाचा घाम हाय त्यो. तुझ्यागत घाण मारंल व्हय?"