झोपाळ्यावरची गोधडी

चोवीस डिसेंबर, दुपारचे साडेचार. पाकिटात पाचशे रुपये होते. ओटीवर आम्ही चौघे होतो: मी, माझी थोरली बहीण, बारावीतली माझी मुलगी आणि आमच्या शेडवर चिकू निवडायला येणारी बाई. पाचवे माणूस नव्हते. खरे तर ही सगळी देवाणघेवाण त्या पाचव्या माणसाची होती.

माझी बायको जुलैमध्ये गेली. आजार तीन आठवड्यांचा. तोपर्यंत दर नाताळच्या आदल्या दिवशी ती आणि ही बाई एकमेकींना काहीतरी द्यायच्या. बाई तलासरीकडच्या एका पाड्यावरची, ख्रिस्ती. आमची वाडी घोलवडच्या अलीकडे. हंगामात ती रोज येते, चिकू आकाराप्रमाणे वेगळे करते, पेटीत भरते. दोघींचा एकच नियम होता, विकतचे काही द्यायचे नाही. बायको लोकरीची टोपी विणायची, कधी बाईच्या नातवाला झबले. तिच्याकडून पहिल्या वर्षी शिंदीच्या पानांचा झाडू आला. त्या दिवशी माझी बहीण पाहुणी म्हणून आलेली होती; आता ती आमच्याकडेच राहते.

"नाताळला झाडू देतात होय गं?" तिने विचारले.

"का? तुमच्यात घर झाडत नाय का, मोठ्या बाई?"

बायको इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. तो झाडू तीन वर्षे चालला. मग सूप आले, भाजीची पाटी आली, लाकडी डाव आला. दिवाळीला आमच्याकडे काचेच्या भांड्यांचे खोके येतात आणि जसेच्या तसे माळ्यावर जातात. बाईच्या वस्तू माळ्यावर कधी गेल्या नाहीत. त्या वापरून वापरून संपल्या.

या वर्षी काय करायचे हा प्रश्न माझ्यापुढे होता. मला हाताने काही बनवता येत नाही. म्हणून पाकीट.

बाईने पाकिटाकडे पाहिलेच नाही. "शेठ, ते राहू द्या. आधी हे बघा," म्हणाली आणि काखेतले गाठोडे सोडून गोधडी मुलीच्या मांडीवर ठेवली.

बहीण पटकन उठून उभी राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला. हिरवी किनार दिसली, मग जांभळ्यावर पांढरे ठिपके, मग पिवळा रंग धुऊन फिका झालेला. तेराव्याला बायकोच्या वापरातल्या पाच साड्या आम्ही दिल्या होत्या. आमच्यात गेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे घरात ठेवत नाहीत. कोणाला द्यायच्या ते बहिणीनेच ठरवले होते. इतक्या वर्षांची ओळख, दुसरे कोण? या बाईलाच दिल्या होत्या.

एक गोष्ट इथे सांगतो. ऑगस्टपासून मी रोज सकाळी शेडमध्ये जाताना मनाची तयारी करून जायचो. त्या साड्या नेसण्यासाठीच दिलेल्या होत्या. कधीतरी हिरवी साडी पाठमोरी, पेट्यांवर वाकलेली दिसणारच होती. ती दिसली नाही. पण मी ती शोधायचो, आणि झाडांच्या रांगेत लांबवर काही हलले की माझे पाय थांबायचे. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

मुलीने बाईला विचारले, "मावशी, तू नेसली नाहीस एकही?"

"नेसून कशी येऊ इथं? तू मागनं बघितलं असतंस तर?" बाई म्हणाली. "मना वाटलं, पांघरायला बरी. तीन वर लावल्या, दोन आत घातल्या. टाके जवळ घातलेत, लवकर उसवायची नाय."

मुलीने तोंड खाली घालून गोधडीला नाक लावले. बहीण म्हणाली, "ते घरात नेऊ नकोस." आवाज चढा नव्हता. पण मुलगी थांबली. बाईचा चेहरा पडला. ती चहा न घेता निघून गेली. पाकीट माझ्याच हातात राहिले.

मग बहिणीने जे सांगितले त्यामुळे पुढचे सगळे झाले. तेराव्याला दिलेले वस्त्र गेलेल्या माणसाला पोचते. दिलेले परत घेतले तर तिच्या अंगावरचे काढून घेतल्यासारखे. "तिला तिथं नेसायला काय राहील?" ती म्हणाली. तिने हे रागाने म्हटले नव्हते. तिला खरोखर काळजी वाटत होती.

मुलगी म्हणाली, "आत्या, खरंच तसं असतं?"

"मला कुठं माहीत. नसलं तर काही प्रश्नच नाही. पण असलं तर?"

परत करावी तर बाईचा अपमान. घरात घ्यावी तर हे. म्हणून गोधडी चौपदरी घडी करून ओटीवरच्या झोपाळ्यावर ठेवली. झोपाळा उंबऱ्याच्या बाहेर, पण छपराच्या आत. आम्हाला वाटले दोनतीन दिवसांचा प्रश्न आहे.

त्या दिवसांत ओटीवर कोणी बसले नाही. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, झोपाळा जरासा हलतो, कडी कुरकुरते. हे वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. आता कडी वाजली की आम्ही तिघेही बोलायचे थांबायचो, आणि तिघांनीही ऐकले नाही असे दाखवायचो. माझी खुर्ची झोपाळ्यासमोर असते. मी ती आत आणली. कारण विचारले असते तर मच्छर सांगितले असते. कोणी विचारले नाही.

दूधवाला पहाटे येतो. सव्वीस तारखेला त्याने मला विचारले, "पाहुणे आलेत का?"

"नाही. का?"

"झोपाळ्यावर कोणीतरी झोपलं होतं. कालही होतं. म्हटलं उठवायला नको, म्हणून हाक न मारता पिशवी ठेवून गेलो."

मी जाऊन पाहिले. गोधडीची घडी होती तशीच होती, चारी कोपरे जुळलेले. पहाटेचा अंधार, धुके, आणि अंधारात घडी माणसासारखी दिसू शकते. मी त्याला तसे सांगितले. तो बरे म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो दूध मागच्या दाराला देऊ लागला.

मुलगी दुपारी क्लासवरून आली की झोपाळ्याजवळ जमिनीवर बसायची. वर बसायची नाही. एकदा मी गेलो तर ती किनारीजवळ बोट ठेवून होती. "बाबा, ही मावशीची शिलाई नाही." तिथे साडी कधीतरी फाटलेली होती आणि त्याच हिरव्या धाग्याने रफू केलेली होती. टाके इतके बारीक की मला चष्मा लावावा लागला. बाईचे मोठे पांढरे टाके त्या रफूपर्यंत येऊन, त्याला वळसा घालून पुढे गेले होते. तिने तेवढी जागा सोडली होती.

"आईने केलंय हे," मुलगी म्हणाली. मी हो म्हटले आणि आत गेलो, कारण तिथे आणखी उभे राहणे मला जमेना.

सत्तावीसला बहिणीने तिचा मार्ग काढला. गोधडीची किंमत द्यायची. किंमत दिली की ती बाजारातून आलेली वस्तू, तेराव्याचे दान वेगळे. ती स्वतः शेडवर गेली, मी मागे होतो.

"बाई, गोधडीचं काय घेशील? सांग, संकोच करू नकोस."

बाईच्या दोन्ही हातांत चिकू होते. ते तिने खाली ठेवले. "नाताळचं दिलेलं विकतात का, मोठ्या बाई? मग मना बाजारातच बसवायचं होतं तुम्ही."

"तसं नाही गं."

"मग कसा?"

बहीण मागे वळली आणि घराकडे चालू लागली. बाई त्या दिवशी काम पुरे करून गेली आणि पुढचे दोन दिवस आली नाही. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. आता गोधडीही राहणार नव्हती आणि बाईही, असे मला वाटू लागले.

पण बहिणीचे मन पालटले ते यामुळे नाही. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटेचे चार तास, पण ते चार तास बोचतात. बहीण पाचला उठते. एकोणतीसला तिने पाहिले तर मुलगी पायाशी दुलई ढकलून, नुसती, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. बहिणीने पांघरूण घातले. मुलीने डोळे न उघडता ते परत काढले.

"अगं गारठशील."

"आईला तिकडे काही नाही ना. मग मलाही नको."

त्या आधीच्या रात्रीही ती तशीच झोपली होती, आणि त्या आधीच्याही. आम्हाला माहीत नव्हते.

बहीण माझ्या खोलीच्या दारात आली. "मी काय बोलून बसले," एवढेच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दुकान किती वाजता उघडतं? साड्या आणू. पाच."

"पाच कशाला?"

"पाच दिल्या होत्या ना? पाचच."

डहाणूच्या बाजारात तिने एक तास घालवला. भारी नकोत, कामावर नेसता येतील अशा सुती हव्यात, आणि आधीच्या पाचांतला रंग एकही नको. दुकानदाराने हिरवी पुढे केली तेव्हा तिने ती उलटी करून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे माझ्या गाडीने तलासरीला गेलो. पाड्यावर घरांपुढे बांबूला लावलेल्या कागदी चांदण्या अजून होत्या, दवाने मऊ पडलेल्या. बाई अंगण सारवत होती. आम्हाला पाहून तिने हात धुतले, खाट पुढे ओढली, पण हसली नाही.

बहीण खाटेवर बसली नाही. उभ्यानेच बोलली. "हे बघ, तुला पैसे विचारले ते चुकलं. या साड्या तुला देत नाही. तिला देतेय. तिच्या आम्ही काढून घेतल्यासारख्या झाल्या, म्हणून या. तू फक्त नेस. तुझ्या अंगावरून तिला जाऊ दे."

बाईने पिशवीत डोकावून पाहिले. "पाच? मी काय दुकान काढू?"

"पाचच."

"नेसू का गोधडी शिवू?" बाईने विचारले, आणि तेव्हा तिच्या तोंडावर जरा काहीतरी हलले.

"नेस गं बाई. अंगावर झिजव. माझ्यावर उपकार कर."

बाई मुलीकडे वळली. "तू सांग. मी घेऊ?"

मुलगी म्हणाली, "घे, मावशी." मग तिने विचारले, "तुला काय वाटतं, पोचतं?"

बाईने पिशवीचे तोंड मिटले. "आमच्यात असं देत नाय," ती म्हणाली. "पण शिवताना मी तिच्याशी बोलत होती. रफूचा भाग आला तवा म्हटलं, बाई, हे तुझंच ऱ्हाऊ दे. तिनं काय उत्तर दिलं नाय. पण हात आपोआप वळला."

आम्ही चहा घेतला. ती एक जानेवारीपासून कामावर आली, त्यातलीच एक साडी नेसून. राखाडी, काठ तांबडा. मी तिला लांबून पाहिले आणि चालत राहिलो.

तलासरीहून परत आलो त्याच दिवशी गोधडी बहिणीनेच उचलली. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली, मग आत घेऊन मुलीच्या खाटेवर पसरली. मुलगी तेव्हापासून तीच पांघरते. मी मात्र अजून त्या खोलीत दिवा लावल्याशिवाय जात नाही. अंधारात ती खाट एकट्या मुलीची वाटत नाही. ते चांगले की वाईट, मला ठरवता आलेले नाही.

साड्या चारशे वीसला एक, पाचांचे एकवीसशे रुपये कापडवाल्याला रोख दिले. गोधडीचे बाईने काही घेतले नाही. दोन दिवसांनी बहिणीने एक हजार पन्नास रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, ती माझीही कोणी होती. मी ते घेतले.