वरच्या दवाखान्याची लाइन

सगळी गल्ली तिला फटफटवाली म्हणते आणि ती ते मनाला लावून घेत नाही. मनाला लावून घ्यायला तिच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. टेकडीवरच्या दवाखान्यातून रक्तालघवीचे नमुने थंड डब्यात घालून खालच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे तिचं काम. रस्ता म्हणजे नुसती धूळ, आणि शेवटी असा चढ की नव्याकोऱ्या गाड्या धापा टाकतात. तिची गाडी नवीकोरी नाही. पण ही लाइन तिची आहे, आणि ती तिनं कुणाच्या हातापाया पडून मिळवलेली नाही.

तर नमुने पोचवायचा ठेका ज्याच्याकडे आहे, त्या ठेकेदारानं तिला बोलावलं. खुर्चीत रेलून म्हणाला, "बाई, गाडी म्हातारी झाली तुमची. वरची लाइन दुसऱ्याला देतो. तुम्ही आपली बाजाराची घ्या. सपाट आहे, बरी पडेल."

"मला काय बरं पडतं ते विचारायला आले होते का मी तुमच्याकडे?"

"लगेच तापू नका हो. सोमवारी मी स्वतः मागं बसतो. मला घेऊन न थांबता चढली, तर लाइन तुमची."

ठेकेदार म्हणजे दोन माणसांचा ऐवज. गाडी चढू नये म्हणूनच तो मागं बसणार, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

"बसा की," ती म्हणाली. "फक्त घट्ट धरून बसा."

तिथून ती तडक सुट्या भागांच्या दुकानात. तिला हवं होतं मागच्या चाकाचं मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्याच्यावरून फिरते ते दातेरी चक्र. ते मोठं बसवलं की वेग थोडा मरतो, पण ओढ वाढते. जोडीला इंजिनाला मोकळी हवा देणारा नवा एअर फिल्टर, आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरचं मोठं जेट.

दुकानदार दात कोरत म्हणाला, "वहिनी, दादांना पाठवा. त्यांना नीट समजावून देतो."

"दादा शिंपी आहेत. त्यांना बाही समजावून द्या. मला सामान द्या."

रविवारी तिनं गाडी थेट पुढच्या खोलीत घेतली. एका बाजूला नवऱ्याचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला हिचं मागचं चाक सुटं पडलेलं. नवऱ्यानं गिऱ्हाइकांचे कपडे उचलून उंच दोरीवर टांगले आणि जीव मुठीत धरून बसला. स्प्रॉकेट बसलं. चेन तोकडी पडली, तिनं कडी जोडून वाढवली. कार्ब्युरेटर उघडून जेट बदललं, परत बंद केलं. आता फक्त फिल्टर. खोक्यात हात घातला, तर खोकं रिकामं.

फिल्टर खिडकीत वाळत होता. चिमट्यानं लटकवलेला.

"अहो! हे काय आहे?"

"अगं, तुला वापरलेला माल गळ्यात मारलाय त्यानं," नवरा मोठ्या कौतुकानं म्हणाला. "नवा म्हणे, आणि तेलानं बरबटलेला! मी सकाळीच साबण लावून खळखळून धुतला. आता बघ, कसा पांढराशुभ्र."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तो फिल्टर म्हणजे सुती जाळीच्या घड्या. त्या कारखान्यातूनच तेलात भिजून येतात. धूळ अडकते ती त्या तेलाला. कोरड्या जाळीतून त्या रस्त्याची धूळ सरळ इंजिनात जाणार आणि पिस्टन खरवडून काढणार. पण कापडावर तेल म्हणजे डाग, आणि डाग म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या, एवढंच त्या माणसाला जन्मभराच्या धंद्यानं शिकवलेलं.

"अहो, ते तेलच तर धूळ धरतं!"

"मग परत लावू की. हे घे, मशीनचं तेल."

"शिलाई मशीनचं? ते पाण्यासारखं पातळ! इंजिन ओढून घेईल सगळं." तिनं पाना आपटला तो बादलीवर. "मी कधी तुमच्या कापडाला हात लावते? गिऱ्हाइकाच्या कोटाला कधी ग्रीस पुसलंय?"

"एकदा पुसलं होतंस."

"तो फाटका होता!"

दुकान बंद. आदळआपट करून दुकान उघडत नाही. तिनं जुना फिल्टर परत चढवला. पण जुन्या फिल्टरला हवा कमी आणि मोठ्या जेटला पेट्रोल जास्त, म्हणजे गाडी चढावर काळा धूर ओकून गुदमरणार. म्हणून नुकताच बंद केलेला कार्ब्युरेटर पुन्हा उघडा आणि जुनं जेट पुन्हा लावा. रागाच्या भरात एक स्क्रू निसटून शिलाई मशीनखाली गेला. नवऱ्यानं तो शोधून आणला, शेजारी बसला आणि एकेक स्क्रू तळहातावर धरून राहिला. एवढ्या खटाटोपातून उरलं एकटं स्प्रॉकेट.

सोमवारी ठेकेदार मागं बसला तशी गाडी कण्हली. चढाच्या तोंडाशीच तिनं पहिला गिअर टाकला. अर्ध्यावर पुढचं चाक हलकं व्हायला लागलं.

"पुढं सरका! वाका माझ्याकडं!"

"अहो बाई, हळू—"

"हळू गेले तर थांबेल. गप वाका!"

इंजिन किंचाळलं, धूळ तोंडात गेली, पण चेननं ओढ सोडली नाही. गाडी थांबली ती दवाखान्याच्या पायरीशीच.

सिस्टर डबा घेऊन बाहेर आल्या. ठेकेदाराला बघून म्हणाल्या, "अय्या, तुम्हीसुद्धा? शनिवारी तुमचे भाचे येऊन गेले की. या आठवड्यापासून तेच येणार म्हणाले."

फटफटवाली सावकाश मागं वळली. व्हरांड्यात बसलेले पेशंटही वळले.

"शनिवारी? म्हणजे ठरलेलंच होतं! मग मला सोमवारचा तमाशा कशाला करायला लावलात?"

"तसं नाही, फक्त बघायला—"

"कसली गाडी आहे भाच्याची?"

"गाडी कुठं?" सिस्टर म्हणाल्या. "चढ बघून त्यांनी ती खालीच लावली. वर आले ते चालत, पार घामाघूम होऊन."

व्हरांडा फिस्सकन हसला. ठेकेदारानं रुमाल काढला. "बरं, बरं. लाइन तुमची. झालं?"

"मला ऐकू आलं. त्यांना आलं नाही."

"लाइन तुमची!"

तिनं डबा मागच्या सीटवर ठेवला आणि दोरीनं आवळून बांधला. ठेकेदार म्हणाला, "अहो, तो मी मांडीवर घेतो ना."

"आतलं रक्त लोकांचं आहे. तुमच्या मांडीचा भरवसा नाही."

"मग मी कसा उतरू?"

"भाचा कसा उतरला, विचारा."

तिनं किक मारली आणि निघाली. आपलीच लाइन, आणि ती चार लोकांसमोर वदवून घ्यावी लागली, याचा राग लॅबच्या दारापर्यंत तिच्या कानशिलांत ठणकत होता.