घरी ठोकलेलं दार

महिपतीदादांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. तरीही पोलादपूर ते महाड या पट्ट्यात कोणाची जुनी जीप, टेम्पो किंवा मोटारसायकल विकायला निघाली की दोन्हीकडची माणसं आधी माझ्या हॉटेलात येत, चहा सांगत आणि दादा कधी उतरणार ते विचारत. उतरणार म्हणजे कुडपणवरून. दादांचं घर वर पठारावर आणि माझं हॉटेल खाली हायवेला. माझ्या चहाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण या भागातल्या निम्म्या गाड्यांचे मालक माझ्या बाकावर बदलले, आणि त्याबद्दल मी कोणाकडे पैसा मागितलेला नाही. चहाचे तेवढे घेतले.

दादा मूळचे बैलांचे दलाल. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला टॉवेल हललेला दिसतो, बाकी काही कळत नाही. दादांना हे कधीच पटलं नाही. टॉवेलाखाली हात गेला की माणूस खोटा होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आपली वेगळीच पद्धत काढली. जनावर मध्ये उभं करायचं, त्याच्या सगळ्या खोडी मोठ्याने सांगायच्या, मग भाव मोठ्यानेच सांगायचा, आणि तोही एकदाच. दलाली दोन्हीकडून सारखी आणि ठरलेली, त्यामुळे भाव चढला काय नि पडला काय, दादांच्या खिशाला फरक पडत नसे. खांद्यावर टॉवेल असायचा, पण तो घाम पुसायला आहे हे ते कोणी न विचारताच सांगत.

पुढे मुंबईला गेलेल्यांचे पैसे गावात आले, शेतात पॉवर टिलर आणि दारात जीप आली, बैलांचा धंदा बसला. एकदा एका जुन्या जीपवरून दोन माणसं माझ्या हॉटेलात सकाळपासून हुज्जत घालत होती. दादा शेजारीच भजी खात होते. ते उठले, जीपभोवती फिरले, टायर खुरासारखे चाचपले, सहा माणसं बसवून चढावर न्यायला लावली आणि परत आल्यावर भाव सांगून टाकला. दोघे इतके दमले होते की दोघांनीही मान्य केला. तेव्हापासून दादा गाड्यांचे जाणकार झाले. मी हे सगळं समोर बसून पाहिलंय, म्हणून सांगतो, जाणकार व्हायला आपल्याकडे फार काही लागत नाही, फक्त बाकीचे दमलेले असावे लागतात.

पण पुढे त्यांना खरंच कळायला लागलं, हेही कबूल करायला हवं. त्याचं निम्मं श्रेय त्यांच्या मुलाचं, रितेशचं. नाव मुंबईच्या मामाने ठेवलेलं. कुडपणला ते पहिली काही वर्षं कोणाला नीट उच्चारता येत नव्हतं. रितेश हायवेलगत एका भाड्याच्या शेडमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकायचा. घाटात आपटलेली गाडी सरळ करायची म्हणजे त्याच्याकडेच न्यायची. त्यानेच जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून, फडक्यात बांधून वडिलांना दिलं होतं. रंगाखाली चेप बुजवायला पुट्टी भरलेली असेल तिथे लोहचुंबक घसरतं, खरा पत्रा असेल तिथे घट्ट बसतं. दादा ते चुंबक गाडीवरून असं फिरवत की बघणाऱ्याला वाटावं, आता गाडीच आपला गुन्हा कबूल करणार.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात कशेडी घाटात मुंबईच्या एका माणसाची लाल स्पोर्ट्स कार डोंगराला घासली. परदेशी बनावटीची, दोन दारांची, दोनच माणसांची. तिचं नाव घेताना आमच्याकडे प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळायची, म्हणून सगळे लाल गाडीच म्हणत. मालकाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्याचं मन उडालं आणि त्याने ती आहे तशी रितेशला विकून टाकली. रितेशने साठवलेलं सगळं तिच्यात घातलं. गाडी उभी करायची, चांगल्या भावाला विकायची आणि हायवेला स्वतःची शेड टाकायची, एवढाच त्याचा विचार होता.

बॉनेट आणि डावं मडगार्ड त्याला कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळालं, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं. दार मिळेना. मग त्याने चेपलेल्या दाराचा सांगाडा सरळ केला, उजव्या दाराची मापं पुठ्ठ्यावर उतरवून पुठ्ठा उलटा केला, आणि सपाट पत्र्यातून डाव्या दाराचा बाहेरचा भाग हाताने ठोकायला घेतला. एक बिघडला, दुसरा बिघडला. मी चहा घेऊन जायचो तेव्हा तो त्या पत्र्यावर तळहात फिरवत असायचा, डोळे मिटून, अगदी बापासारखाच. दार बसलं तेव्हा दोन्ही बाजूंना आलटून पालटून उभा राहून मी बघितलं. मला फरक सांगता आला नाही, आणि मी सहसा खोट काढल्याशिवाय राहत नाही.

गिऱ्हाईक चालून आलं. महाड एमआयडीसीत कंपन्यांना कामगार पुरवणारे सुधीरशेठ. त्यांना गाडी बघताक्षणी आवडली, पण त्यांनी एक अट घातली. भाव महिपतीदादांनी करायचा. लोकांना गंमत वाटली. मुलगा विकणार आणि बाप भाव करणार. रितेशने लगेच हो म्हटलं. मला वाटतं, त्याला तेच हवं होतं. इतकी वर्षं बापाने सगळ्या दुनियेच्या गाड्यांवर चुंबक फिरवलं होतं, आता एकदा आपल्या कामावर फिरवावं.

त्या दिवशी माझ्या हॉटेलासमोर जी गर्दी जमली, ती गाडीसाठी नव्हती. दादा पोराच्या बाजूने झुकतात का, हे बघायला लोक आले होते. आणि दादांनाही ते पक्कं माहीत होतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर चुंबक लावलं, मडगार्डवर लावलं, मग दाराशी आले. चुंबक दारावर असं बसलं की काढताना त्यांना दुसरा हात लावावा लागला. वर, खाली, कडेला, सगळीकडे तेच. दादा तिथे जरा जास्त वेळ थांबले. मग वळले आणि गर्दीकडे बघत बोलले.

"बॉनेट दुसऱ्या गाडीचं हाय. डावं मडगार्ड बी दुसऱ्याचं. आनि दार कंपनीचं नाय, घरी ठोकलेलं हाय. तीन डाग. अडीच लाख."

डाग म्हणजे काय ते सांगतो. आजारी बैलाला तापल्या लोखंडाने डागतात. बैल बरा होतो, पण डाग राहतो, आणि बाजारात त्या डागापोटी भाव पडतो, कारण आत काय झालं होतं ते कोणाला ठाऊक. दादांनी बैलाचा हिशोब गाडीला लावला. रितेशचे नुसते खर्चाचेच पावणेतीन लाख गेले होते, मजुरी धरलीच नव्हती. पण दादांनी भाव सांगितला की त्यावर दुसरा भाव नसतो, आणि हे रितेशला त्यांच्याच घरात शिकवलेलं होतं. त्याने खिशातून किल्ली काढून सुधीरशेठच्या हातावर ठेवली आणि शेडकडे निघून गेला.

मग जे कौतुक सुरू झालं ते विचारू नका. पोटच्या पोरालाही सोडलं नाही, असा माणूस तालुक्यात दुसरा नाही, वगैरे. ज्यांनी आयुष्यात कधी खरं माप दिलं नाही, ते सगळ्यांत जास्त गहिवरले होते. दादा खाली मान घालून ऐकत होते, पण हलत नव्हते. मला प्रामाणिक माणसांचा थोडा धसकाच आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाचं बिल बहुतेक वेळा घरच्यांना भरावं लागतं.

रितेश घर सोडून गेला नाही, भांडला नाही. बापाशी कामापुरतं बोलायचा, तेही इतकं नीट की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. त्याची आई तुळजाबाई माझ्याकडे दही घेऊन यायची. एकदा दह्याचं मडकं ठेवता ठेवता तिने नवऱ्याबद्दल मला एवढंच विचारलं, "खोडी सगल्या सांगितल्या यांनी. गुण कोनी सांगायचे?" मी तिच्या दह्याचे पैसे दिले.

इकडे सुधीरशेठच्या घरी वेगळीच पंचाईत झाली. गाडीत दोनच जागा, एक सुधीरशेठची. दुसरीवर आईने बसायचं की बायकोने, यावरून घरात जे सुरू झालं ते संपेचना. शिवाय गाडी इतकी बुटकी की महाडच्या बाजारपेठेतले खड्डे तिला खालून खरवडायचे. पुढच्या दिवाळीपर्यंत शेठ कंटाळले. दर रविवारी ते गाडी हिरकणीवाडीला रोपवेपाशी नेऊन उभी करायला लागले, काचेवर 'विकणे आहे' असा कागद लावून. रायगड बघायला येणारे किल्ल्याआधी तिच्याभोवती फोटो काढायचे. त्यातलाच पुण्याचा एक गृहस्थ फसला, म्हणजे त्याला गाडी आवडली. शेठ त्याला घेऊन थेट माझ्या हॉटेलात आले आणि दादांना निरोप गेला.

या वेळी गर्दी नव्हती. बघण्यासारखं काय होतं? विकणारा परका, घेणारा परका. शेठ, पुणेकर, दादा आणि मी. रितेश मात्र आला होता. शेजारच्या जीपचं मडगार्ड खोलायच्या निमित्ताने पाना घेऊन खाली बसला होता. दादांनी गाडीभोवती तशीच फेरी मारली, तसंच चुंबक लावलं, दाराशी तसेच थांबले. शेठचा चेहरा पडला होता. अडीचला घेतलेली गाडी, त्यावर इतक्या महिन्यांची झीज. दोन मिळाले तरी पुष्कळ, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"बॉनेट नि मडगार्ड दुसऱ्या गाडीचं हाय, पन त्याच जातीच्या," दादा पुणेकराला म्हणाले. "आनि हे दार सपाट पत्र्यातनं हातानं ठोकलेलं हाय. पुट्टीचा कण नाय त्याच्यात. हे घ्या, तुमी सोता लावून बघा. आसं दार ठोकनारा मी दुसरा बघितला नाय. चार लाख."

पुणेकराने चुंबक लावून बघितलं, ते काढताना त्याची धांदल झाली, आणि तो हसला. दार कोणी केलं ते त्याने विचारलं. दादांनी जीपच्या दिशेने हात केला. पुणेकराने जाऊन रितेशशी हस्तांदोलन केलं, मग परत येऊन व्यवहार केला. जे पैसे रितेशच्या शेडचे व्हायचे, ते सुधीरशेठचे झाले. शेठना काही कळलं नाही, पण न कळताही आनंद होतो. त्यांनी सगळ्यांना मिसळ सांगितली.

ते दोघे गेल्यावर रितेश पाना हातात घेऊन बाकापाशी आला. कितीतरी महिन्यांनी त्याने बापाला कामाबाहेरचं काही विचारलं.

"आबा, दार तर त्येच हाय. मग तवा का नाय बोललात?"

"तवा गाडी तुझी व्हती," दादा म्हणाले.

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, एखादा नियम सांगावा तसं. मला इतका राग आला की हातातली किटली आपटावीशी वाटली. म्हणजे या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं. परक्याला द्यायचा तेवढा न्याय पोराला देताना त्याला लोकांची भीती वाटली होती, आणि त्या भीतीला सगळा तालुका प्रामाणिकपणा म्हणत होता. मी काही बोलणार होतो, पण दादांकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

रितेश जायला वळला तेव्हा दादांनी त्याचं मनगट धरलं. त्याला शेजारी बसवलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, जो फक्त घाम पुसायला होता, आणि दोघांच्या हातांवर टाकला. मी दादांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टॉवेलाखाली हात घालताना बघत होतो. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी त्यांनी मान खालीच ठेवली होती. टॉवेल जरा हलला. भाव रितेशच्या त्या दाराचा होता, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती; आकडा मात्र दिसला नाही, तो दिसत नसतोच.

रितेश समोर हायवेकडे बघत होता. हात त्याने काढून घेतला नाही.

"कमी हाय, आबा," तो म्हणाला.

एकदा सांगितलेला भाव दादांनी आयुष्यात बदलला नव्हता. त्यांनी मान डोलावली, आणि टॉवेल पुन्हा हलला.